जुन्या कपड्यांतून अभ्यासिकेचा खर्च : सात सोसायट्यांच्या एका उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातलं एक उपनगर. एकाच रस्त्यालगत सात गृहनिर्माण सोसायट्या, मिळून साधारण अकराशे सदनिका. रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या आणि विटांच्या घरांची वस्ती. सोसायट्यांत धुणंभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, गाड्या पुसणारी मुलं यांतले बहुतेक त्या वस्तीतलेच.

वस्तीत एक नोंदणीकृत न्यास अभ्यासिका चालवतो. दोन खोल्या, चाळीस खुर्च्या, सकाळी सहा ते रात्री अकरा. घरात बसायला जागा नसलेली दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे येतात. महिन्याचा खर्च १२,००० रुपये : भाडं ६,५००, वीज आणि इंटरनेट १,५००, देखरेख करणाऱ्या ताईंचं मानधन ४,०००. मुलांकडून महिना शंभर रुपये घेतले जातात, त्यातून ४,००० येतात. उरलेले ८,०००, म्हणजे वर्षाचे ९६,०००, दरवर्षी कुणाकुणापुढे हात पसरून उभे करावे लागत.

ही तूट जुन्या कपड्यांतून भरून काढायची कल्पना सोसायट्यांच्या नागरिक मंचाची. कारण सरळ होतं. रद्दी रद्दीवाला नेतो आणि पैसे देतो, भंगारालाही भाव आहे, पण कपड्यांना दारात रोख भाव मिळत नाही. त्यामुळे कपाटं भरून वाहतात आणि दिवाळीच्या आवराआवरीत बरेच कपडे कचऱ्याच्या डब्याशेजारी गाठोडी होऊन पडतात.

नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. रकमा त्या वेळच्या, त्या भागातल्या आहेत. दुसऱ्या गावी दर वेगळे मिळतील. प्रमाणं मात्र बरीचशी सारखीच निघतात.

पहिली फेरी आणि तिची अडचण

पहिली फेरी दिवाळीच्या आधीच्या दोन रविवारी झाली. पत्रकावर ठळकपणे एवढंच होतं की गरजूंसाठी जुने कपडे द्या. इमारतीइमारतींत वजनाची स्पर्धा लावली होती. दोन रविवारी मिळून २,१८० किलो माल आला, आणि तो एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली रचला गेला.

आकडा मोठा दिसला, पण ढिगात काय होतं ते पाहायला हवं. स्पर्धेमुळे लोकांनी जड वस्तू दिल्या : गाद्यांची खोळ, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी, जाड पडदे, एका गोणीत तर ओली फरशीपुसणी. दुसऱ्या रविवारनंतर परतीचा पाऊस झाला. ताडपत्रीवरून पाणी ओघळून खालच्या थरात मुरलं आणि चौथ्या दिवशी खालच्या गोण्यांतून कुबट वास यायला लागला. सुती कापड कोरडं वाटत असतानाही हवेतली ओल धरून असतं. प्रमाणित हवेत, म्हणजे मोजमापासाठी ठरवून दिलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या हवेत, ते आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी बाळगतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. दमट हवेत, हवा न खेळणाऱ्या गोणीत सुतीला बुरशी धरते ती म्हणूनच, आणि एका ओल्या कपड्याने शेजारचे दहा जातात.

वर्गवारीला पहिल्या रविवारी तीसेक स्वयंसेवक आले होते, दुसऱ्या रविवारी सात. काम धुळीचं, वासाचं आणि कंटाळवाणं आहे. त्यात लोकांची चूक नाही. कपडे घ्यायचं कबूल केलेल्या संस्थेने मालाचा नमुना पाहून निवडकच घेता येईल असं कळवलं. शेवटी एका ठोक व्यापाऱ्याने सरसकट ६ रुपये किलोने ढीग उचलला. त्याने ओलीपोटी दहा टक्के वजन कापलं, म्हणजे १,९६२ किलोचे ११,७७२ रुपये. टेम्पो, गोण्या, पत्रकं, हमाली आणि चहापाणी यांवर ८,८०० गेले होते. अभ्यासिकेच्या वाट्याला २,९७२ रुपये आले, जेमतेम आठवड्याचा खर्च.

याहून जड गेलं ते दुसरं. एका रहिवाशांनी आपली गाठोडी व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढताना पाहिली आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं, की गरजूंसाठी दिलेले कपडे विकले का. प्रश्न रास्त होता. पत्रकात विक्रीचा उल्लेख नव्हता, अभ्यासिकेचा ओझरता होता, आणि पैसे एका पदाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक यूपीआयवर जमा झाले होते. गैरव्यवहार काहीच झाला नव्हता, तरी तसं दाखवायला कागद नव्हता.

समोरचे पर्याय

पुढच्या बैठकीत चार वाटा चर्चेला आल्या.

पहिली, ठोक व्यापाऱ्यालाच माल द्यायचा, फक्त कोरडा आणि जास्त. कष्ट सर्वांत कमी. पण वर्षाला तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोन टन धरले, तरी खर्च जाऊन हाती दहा-बारा हजारांपलीकडे काही राहत नव्हतं. सरसकट भावात व्यापारी वाईटात वाईट माल गृहीत धरतो. चांगल्या मालाचा फायदा त्याला होतो.

दुसरी, संकलनाची पेटी आवारात ठेवणाऱ्या खासगी कंपनीशी करार. कंपनी ठरावीक दिवशी पेटी रिकामी करते आणि किलोमागे रक्कम देते. जागेशिवाय काही लागत नाही. देऊ केलेला दर मात्र व्यापाऱ्याहूनही कमी होता, आणि माल पुढे कुठे जातो हे रहिवाशांना सांगता आलं नसतं. नुकताच विश्वासाचा प्रश्न उभा राहिलेला असताना हे परवडणारं नव्हतं.

तिसरी, सगळं सामाजिक संस्थांकडे सोपवायचं. गूंज ही संस्था १९९९ पासून शहरातलं वापरलेलं कापड गावांत नेते, आणि तिथल्या लोकांनी गावासाठी केलेल्या श्रमाचा मोबदला म्हणून ते देते. पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था व्ही-कलेक्ट मोहिमेतून जुने कपडे आणि इतर वस्तू गोळा करते. ज्यांना कपडे सत्कारणी लावायचे आहेत आणि पैसे उभे करायचे नाहीत, त्यांनी हीच वाट घ्यावी. वेगळा खटाटोप करू नये. इथे मात्र अभ्यासिकेची तूट तशीच राहिली असती.

चौथी वाट, माल स्वतः निवडायचा आणि प्रत्येक प्रकार ज्याला हवा त्याला विकायचा. कष्ट सर्वांत जास्त, जागा लागणार, रोजंदारी द्यावी लागणार. मंचाने ही वाट घेतली, पण लगेच फेरी जाहीर केली नाही. आधी शंभर किलोंचा नमुना घरोघरच्या ओळखीतून जमवला, निवडून वेगळा केला आणि प्रत्येक ढिगाला गिऱ्हाईक शोधलं. अशा उपक्रमात सर्वांत जास्त फळ देणारी पायरी हीच, आणि ती बहुतेक ठिकाणी वगळली जाते. माल हातात साठल्यावर गिऱ्हाईक शोधणारा भाव मागू शकत नाही.

पहिला निर्णय : काय छापायचं आणि पैसे कुठे ठेवायचे

नव्या पत्रकावर पहिलंच वाक्य असं ठरलं : हे कपडे विकले जातील आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम अभ्यासिकेला जाईल. काही सदस्यांना भीती होती की लोक कपडे देणार नाहीत. पुढच्या फेरीत देणारी घरं कमी झाली खरी, पण आलेल्या गाठोड्यांचा दर्जा वाढला. विकायचं आहे म्हटल्यावर लोक धुऊन, घडी घालून देऊ लागले. वजनाची स्पर्धा बंद केली. काय घेणार नाही तेही ठळक छापलं : अंतर्वस्त्रं, सुटे मोजे, गाद्या-उश्या, ओलं किंवा तेलकट कापड.

पैशांबाबत तीन मार्ग होते. सोसायटीच्या खात्यात ठेवले, तर बाहेरच्यांना माल विकून आलेलं उत्पन्न वेगळं दाखवावं लागतं. सभासदांकडून सभासदांसाठी येणाऱ्या पैशाला परस्परतेच्या तत्त्वाची करसवलत असते, ती या पैशाला लागू होत नाही. न्यासाने स्वतः विक्री करावी, तर देणग्यांवर चालणाऱ्या न्यासाच्या हिशेबात खरेदी-विक्री शिरते. म्हणून वस्तीतल्या अकरा जणींच्या महिला बचत गटाकडे व्यवहार सोपवला. गटाचं बँक खातं होतंच. विक्री गटाच्या नावाने, मजुरी आणि खर्च गटातून, आणि उरलेली रक्कम न्यासाला पावतीसह देणगी. प्रत्येक फेरीनंतर एक पानी हिशेब सातही सोसायट्यांच्या सूचना फलकावर लागतो. गटाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या आसपासही जात नाही, त्यामुळे ते काम वाढलं नाही.

दुसरा निर्णय : वर्गवारी कोण आणि कशी करणार

स्वयंसेवक फक्त गोळा करतील आणि वर्गवारी बचत गटातल्या बायका तासाला ७५ रुपयांनी करतील, असं ठरलं. एका सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर महिना २,५०० भाड्याचा गाळा घेतला. गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवल्या. वीजमीटरच्या भिंतीला काहीही टेकवायचं नाही आणि दाराशी अग्निशामक सिलिंडर ठेवायचा, ही अट गाळ्याच्या मालकाने घातली. ती नसती तरी पाळायलाच हवी. डांबराच्या गोळ्या मात्र टाकल्या नाहीत, कारण तो वास कपड्यातून लवकर निघत नाही आणि विक्रीला मारक ठरतो.

कमरेच्या उंचीचं टेबल, समोर खिडकीचा उजेड, नाकाला मास्क, हातात मोजे. गोणी उघडली की आधी मधोमध हात घालून पाहायचं. आत ऊब किंवा कुबटपणा जाणवला तर ती गोणी बाहेर उन्हात. मग प्रत्येक कपड्याचे खिसे. नोटा, कानातली, किल्ल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सगळं निघतं. त्यासाठी गोणीवर इमारतीचा क्रमांक लिहिलेला असतो आणि सापडलेली वस्तू वहीत नोंदवून इमारतीच्या व्यवस्थापकाकडे जाते.

सहा ढीग पडतात :

पहिला, उत्तम. डाग नाही, चेन चालते, कॉलर घासलेली नाही, रंग उडालेला नाही. थेट वस्तीतल्या आणि बाजारातल्या विक्रीसाठी.

दुसरा, साधारण. घालण्याजोगा, पण बटण गेलेलं, फॅशन जुनी, रंग किंचित फिका.

तिसरा, सुती पण घालण्याजोगा नाही. यातून यंत्रं पुसण्याचं कापड कापतात.

चौथा, मऊ सुती साड्या, धोतरं, चादरी. गोधडीसाठी.

पाचवा, फाटकं टेरिकॉट, पॉलिएस्टर, लोकरीचं आणि मिश्र. हा पानिपतला माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो. हरियाणातलं पानिपत हे जुन्या कपड्यांचे तंतू सुटे करून त्यांचं पुन्हा सूत आणि कांबळी बनवण्याचं मोठं केंद्र आहे.

सहावा, कशालाच न चालणारा.

सुती कुठलं आणि मिश्र कुठलं हे नजरेने ओळखण्यात नव्या माणसाची गल्लत होते. गटाने दोन चाचण्या ठेवल्या. पाण्याचा थेंब टाकायचा : दोन-तीन सेकंदांत शोषला तर सुती, मोत्यासारखा वर राहिला तर पॉलिएस्टर. रेंगाळला तर आतल्या शिवणीतला धागा काढून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही खुणा मिसळून दिसतात, तेव्हा ते पाचव्या ढिगात. काडीची चाचणी गाळ्याच्या बाहेर, पाण्याच्या बादलीवरच करायची.

सुरुवातीला एक बाई तासाला बारा-पंधरा किलो निवडत होती. महिन्याभरात वेग पंचवीस किलोंवर आला. त्याहून जोर केला की चुकीच्या ढिगात जाणारे कपडे वाढतात आणि पुढे गिऱ्हाईक गोणी परत करतं.

तिसरा निर्णय : बोहारणींचं काय

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे, आणि तो मंचाच्या आराखड्यात मुळात नव्हताच. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या नऊ बोहारणी या सोसायट्यांत वर्षानुवर्षं यायच्या. पहिल्या फेरीनंतर दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे त्यांच्या ऐन हंगामात, त्यांना दारोदार नकार मिळाला, कारण घरातले कपडे नुकतेच पार्किंगमध्ये गेले होते. त्यांतल्या एका मावशींनी मंचाच्या बैठकीत येऊन हे सांगितलं.

मंचात मतभेद झाले. काहींचं म्हणणं होतं की कपडे द्यायचे कुणाला हे घराने ठरवावं, मंचाची जबाबदारी नाही. पण ज्या उपक्रमाचा हेतू रस्त्यापलीकडच्या मुलांना बळ द्यायचा, त्याने रस्त्यापलीकडच्याच बायकांचा धंदा मोडावा हे पटण्यासारखं नव्हतं. शिवाय व्यवहाराच्या बाजूनेही बोहारणी दूर गेल्याने तोटाच होता. वापरलेल्या कपड्यांची पारख या भागात त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. कॉलरची घडी, पँटची बैठक, साडीचा काठ आणि ब्लाउजची काख एवढ्या चार जागी त्यांचा हात फिरतो, आणि त्या कपड्याला बाजारात काय येईल ते सांगतात.

तोडगा तीन भागांत निघाला. दुसऱ्या ढिगावर पहिला हक्क बोहारणींचा : व्यापारी त्याला ११ रुपये किलो देत होता, त्यांनी निवडून घेण्याच्या अटीवर १४ दिले. ज्या सोसायट्यांनी त्यांना फाटकाशी अडवायला सुरुवात केली होती, तिथे बुधवारी सकाळी यायचे पास दिले. आणि दोघी जणी वर्गवारीच्या टेबलावर बचत गटाच्या बायकांबरोबर त्याच मजुरीवर बसू लागल्या. पहिल्या दोन महिन्यांत पहिल्या ढिगाचं प्रमाण वाढलं ते त्यांच्यामुळे. बटण लावलं किंवा काठ दुमडला की कोणता कपडा वरच्या ढिगात जाऊ शकतो, हे त्या सांगत.

चौथा निर्णय : विक्री कुठे

पहिली विक्री वस्तीच्या समाजमंदिरात, महिन्याच्या दहा तारखेनंतरच्या रविवारी ठेवली, म्हणजे पगार हातात आलेले असतात. कपडे दोरीवर मापाप्रमाणे टांगले, २० ते १०० रुपयांच्या ठरीव किमती लावल्या, आणि एका कोपऱ्यात पडदा टाकून घालून पाहायची सोय केली. ढीग मांडला तर लोक उपसतात, कपडा चुरगळतो आणि किंमत निम्म्यावर येते. फुकट न देण्यावरही चर्चा झाली. विकत घेणारा माणूस निवड करतो, घासाघीस करतो, नाकारतो. तो हक्क किंमत लावल्यानेच मिळतो.

लहान मुलांचे कपडे तासाभरात संपले. कुर्ते मात्र पडून राहिले. चौकशी केल्यावर कळलं की बायकांना ते आवडले होते, पण ज्या घरी काम करतात त्याच घरचा कुर्ता अंगावर असेल आणि ओळखला जाईल, या विचाराने त्यांनी हात मागे घेतला. ही गोष्ट पत्रक, दर, मांडणी यांतल्या कशानेही सुटणारी नव्हती. पुढच्या वेळी मोठ्यांचे कपडे तीन किलोमीटरवरच्या आठवडी बाजारात नेले आणि मुलांचे कपडे, शाळेचे गणवेश, दप्तरं तेवढी वस्तीत ठेवली. दोन्हीकडे खप सुधारला. दोन विक्रींनंतरही राहिलेलं बोहारणींच्या ढिगात जातं.

पुसण्याचं कापड : इथे काय बिघडतं

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या यंत्रशाळा आणि गॅरेजं तेल-ग्रीस पुसायला सुती कापड किलोने घेतात. टी-शर्ट आणि बनियनचं होजिअरी कापड सर्वांत चांगलं : मऊ, शोषून घेणारं, तंतू न सोडणारं. पांढऱ्याला रंगीतापेक्षा जास्त भाव, कारण गडद रंग रॉकेल किंवा थिनर लागलं की उतरतो. छातीवरची रबरी छपाई कापून टाकावी लागते. ती तेल शोषत नाही आणि गरम पृष्ठभागावर चिकटते.

कापायची पद्धत गटाने अनुभवातून बसवली. बटणं एकेक काढत बसायचं नाही, बटणपट्टी एका कापात अख्खी वेगळी करायची. मग कॉलर, मग कफ, मग जाड शिवणी. उरलेल्याचे साधारण बारा ते पंधरा इंचांचे तुकडे. यात तीन दशांश माल वाया जातो. एका फेरीत तिसऱ्या ढिगाच्या ४४० किलोंतून ३१० किलो हाती येतं. कात्रीने दिवसभरात बोटं सुजतात म्हणून गोल पात्याचं विजेवरचं जुनं कटर घेतलं, आणि कापड धरणाऱ्या हाताला लोखंडी जाळीचा मोजा.

दुसऱ्याच खेपेला एका कारखान्याने २५ किलोंची गोणी परत पाठवली. आत ब्लाउजचा एक हूक राहिला होता आणि पॉलिश केलेल्या भागावर त्याने ओरखडा काढला होता. गटाने लोहचुंबक फिरवून तपासायला सुरुवात केली, पण पितळी हूक आणि पितळी चेन चुंबकाला लागत नाहीत. त्यावर एकच नियम उरला : ब्लाउज आणि पँट कापायच्या टेबलावर येणारच नाहीत, कितीही चांगलं सुती असो. शिवाय बांधणीआधी प्रत्येक तुकडा हाताने चुरगळून पाहायचा. तेव्हापासून गोणी परत आलेली नाही.

मोठ्या कंपन्या जीएसटीचं बिल मागतात आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी देतात. बचत गटाला ते झेपणारं नव्हतं. म्हणून ४२ रुपये किलोने छोट्या कारखान्यांना आणि एका पुरवठादाराला रोखीने विक्री ठेवली. जास्त दराचा मोह इथे टाळला हे बरोबरच झालं; मजुरी आठवड्याला द्यावी लागते.

परिणाम

पावसाळा वगळून वर्षात तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीचा सरासरी माल २,००० किलो धरून हिशेब असा : पहिला ढीग ३६० किलो, म्हणजे साधारण १,३०० नग, त्यातले ७८० सरासरी ३५ रुपयांनी विकले गेले, २७,३०० रुपये. दुसरा ढीग ६०० किलो, ८,४०० रुपये. पुसण्याचं कापड ३१० किलो, १३,०२० रुपये. पाचवा ढीग ३२० किलो, ४ रुपयांनी १,२८०. एकूण ५०,००० रुपये.

खर्च : वर्गवारीची मजुरी ६,०००, कापण्याची किलोला १२ रुपयांप्रमाणे ३,७२०, टेम्पो ४,५००, गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं ७,५००, गोण्या १,५००, बाजारातली जागा आणि दोऱ्या-हँगर १,०००, न चालणारा १६० किलो माल पोचवण्याचे ८००. मिळून २५,०२०.

चौथा ढीग १२० किलोंचा. त्यातून फेरीला आठ गोधड्या होतात, बाकी कापड पुढे साठतं. गटातल्या दोन वयस्कर बायकांना धावदोऱ्याचं काम येत होतं, त्यांनी इतरांना शिकवलं. नायलॉन, जॉर्जेट थरांत सरकतं म्हणून फक्त सुती. एका गोधडीची विक्री १,२०० रुपये; त्यात शिवणारीला ७००, दोऱ्याला १००, निधीला ४००. पुढे रहिवासी आपल्या आई-आजीच्या साड्या देऊन गोधडी शिवून मागू लागले. त्या साड्यांवर चिठ्ठी टाचून त्या वेगळ्या कपाटात ठेवतात, कारण त्यातली एक जरी साधारण ढिगात गेली तर भरपाई नाही.

गोधड्यांचे ३,२०० धरून फेरीला २८,१८० रुपये निधीत आले, तीन फेऱ्यांचे ८४,५४०. वर्षाच्या तुटीला ११,४६० कमी पडले, ते देणगीतून भरले. याशिवाय वर्गवारी, कापणं आणि गोधडी मिळून फेरीला १५,३२० रुपये मजुरी बायकांच्या हाती गेली. वार्षिक अहवालात ही रक्कम अभ्यासिकेच्या रकमेशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी असं आमचं मत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

बोहारणींशी बोलणं पहिल्या फेरीच्या आधी व्हायला हवं होतं. कोणत्याही भागात कपडे गोळा करायला उतरताना आधी कोण गोळा करतं हे शोधणं, हे गाळा शोधण्याइतकंच प्राथमिक आहे. त्यांचा एक हंगाम बुडाला, तो नंतरच्या तोडग्याने भरून आला नाही.

गाळ्याचं भाडं हा खर्चातला सर्वांत मोठा आकडा आहे, आणि तो माल नसतानाही चालू राहतो. फेऱ्यांची तारीख जवळ आणून वर्गवारी पाच आठवड्यांत उरकली असती, तर गाळा वर्षातून पाच-सहा महिनेच लागला असता. बचत गटाचं म्हणणं याच्या उलट आहे : बायकांना वर्षभर थोडं थोडं काम हवं आहे, एकदम गर्दीचं नको. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि इथे निर्णय मजुरी घेणाऱ्यांच्या बाजूने झाला.

वजनकाटा पहिल्या दिवसापासून स्वतःचा असायला हवा होता, वैधमापनाचा शिक्का असलेला, शंभर किलोंचा. व्यापाऱ्याच्या काट्यावर मोजलं की ओलीची कपात किती योग्य यावर बोलताच येत नाही. माल जाण्याआधी गोणीगणिक वजन वहीत लिहिलेलं असलं की वाद निम्म्याने कमी होतात.

सहाव्या ढिगाचा प्रश्न सुटलेला नाही. तो जाळून टाकावा असं एकदा सुचवलं गेलं. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि कृत्रिम धाग्याचा धूर वस्तीतच शिरला असता. सध्या तो महापालिकेच्या सुक्या कचऱ्यात जातो. आठ टक्क्यांखाली तो आणायचा एकच मार्ग हाती आहे, गोणी दारातच उघडून पाहायची आणि नको ते तिथल्या तिथे परत द्यायचं. स्वयंसेवकांना परत देताना संकोच वाटतो, म्हणून पुढच्या फेरीपासून प्रत्येक इमारतीच्या टेबलावर एक बोहारीण किंवा गटातली एक बाई मजुरीवर बसणार आहे. पडदे आणि सोफ्याची कव्हरं त्याच फेरीपासून घेणं बंद होईल; ते जवळजवळ सगळे पॉलिएस्टरचे असतात, गोण्या भरतात, आणि चार रुपये किलोत त्यांचा टेम्पोही सुटत नाही.